गणपतीच्या देखाव्यात अवयवदान दाखवायचंय, नेमकं काय दाखवू?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं कराडातलं मंडळ तसं लहान, पण हलत्या देखाव्याची परंपरा जुनी. गेल्या वर्षी अफझलखान वध केला होता, मलकापूरकडची माणसंसुद्धा बघायला आली. यंदा मिटिंगीत अवयवदान हा विषय ठरला. कारण घरचंच आहे. आमच्या पथकात ताशा वाजवणारा एक पोरगा डायलिसिसवर आहे. आठवड्यातून दोनदा जातो, आला की दिवसभर आडवा. आई किडनी द्यायला तयार होती, तपासणीत तिलाच शुगर निघाली. वडलांचं जुळत नाही. पुण्याच्या यादीत नाव लागलंय, आता वाट बघायची.

तर बेत असा आहे. मधोमध दधीची ऋषी अस्थी देताहेत, हात वर-खाली होणार, समोर इंद्र. मागं फ्लेक्सवर ‘मरावे परी अवयवरूपी उरावे’. बाजूला स्टॉल टाकून दहा दिवसांत हजार लोकांचे संकल्पाचे फॉर्म भरून घ्यायचे आणि शेवटच्या दिवशी ते कुणातरी साहेबांच्या हाती द्यायचे. मूर्तिकाराला अ‍ॅडव्हान्स गेलाय.

आता अडचणी. हे फॉर्म पुढं नेमके कुठं जातात, त्यांना काही किंमत असते का? हजाराचा आकडा पेपरला द्यायचाय म्हणून विचारतोय, खोटं कशाला बोलू. दुसरं म्हणजे ब्रेन डेड हे दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगायचं कसं? आमच्या सेक्रेटरीनं लिहिलेलं वाचलं तर कोमा आणि ब्रेन डेड एकच वाटतंय. जुनी मंडळी म्हणतात देवापुढं मरणाचा विषय नको. आणि पारावर बसणारे एक जण रोज सांगतात की अवयवदानाच्या कार्डावर सही असली की डॉक्टर मशीन लवकर काढतात. त्यांना काय सांगू?

हापूसपंथी

विषय झकास. पण दधीची कशाला, खुद्द बाप्पाच घ्या की. धड एकाचं, शीर दुसऱ्याचं, जगातलं पहिलं प्रत्यारोपण! निम्मा खर्च वाचेल. +१

निवृत्त_समन्वयक

पुण्यात एका हॉस्पिटलात आधी वैद्यकीय समाजसेविका आणि मग प्रत्यारोपण समन्वयक म्हणून माझी नोकरी झाली. म्हणून जरा लांबण लावते.

हापूसपंथी, तुमचं बाप्पाचं उदाहरण एका शाळेत पाहुण्यांनी दिलं होतं. पाचवीतली एक मुलगी उठून म्हणाली, “पण हत्तीला विचारलं होतं का?” पाहुणे गप्प. सगळा कायदा त्याच प्रश्नावर उभा आहे, तेव्हा ते राहू द्या.

कृष्णाकाठ, दधीचींबद्दलही माझी हीच तक्रार आहे. त्यांनी स्वतः होकार दिला, जिवंतपणी, पूर्ण शुद्धीत. आयसीयूबाहेर बाकड्यावर बसलेल्या बाईला नवऱ्याच्या वतीनं होकार द्यायचा असतो. तोही मध्यरात्री, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नसताना, गावाकडून गाडी करून आलेल्या दहा-पंधरा जणांसमोर, ज्यातल्या निम्म्यांना वाटत असतं की हिला काय कळतंय. देखाव्यात ते बाकडं दाखवा. ऋषी बघून लोक हात जोडतात आणि पुढच्या मंडळाकडे जातात. बाकडं बघितलं तर घरी जाऊन बोलतील.

फॉर्मचं ऐका. स्टॉलवर लोक भरतात तो नमुना ७. ती तुमच्या इच्छेची नोंद. प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा जवळच्या नातेवाइकाची सही लागते ती नमुना ८ वर. पाकिटात कार्ड आहे आणि घरचे नको म्हणताहेत, अशा वेळी आपल्याकडे कुणीही पुढे जात नाही. असं कार्ड हातात घेऊन मी बसलेली आहे आणि समोर मोठा भाऊ म्हणतोय, “आम्हाला कधी बोलला नाही तो.” उलट ज्या घरात अवयवदान हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, तिथे मुलगी म्हणाली, बाबा एकदा टीव्हीवर बातमी बघताना म्हणाले होते, माझं काही उपयोगी पडलं तर देऊन टाका. तेवढ्या एका वाक्यावर सही झाली.

म्हणून हजाराचा आकडा विसरा. कागद तर मुळीच गोळा करू नका, लोकांच्या आधारच्या झेरॉक्सा मंडळाच्या कपाटात पडून राहणं बरं नव्हे. राष्ट्रीय पातळीवर नोट्टो नावाची संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर २०२३ पासून आधारला जोडलेली नोंदणी होते. ज्याला करायची त्यानं स्वतःच्या मोबाइलवर करावी, ओटीपी त्यालाच येतो. तुमच्या पोरांनी फक्त मदत करायची आणि एकच प्रश्न विचारायचा: घरात कुणाला सांगितलंत? नसेल सांगितलं तर तिथूनच फोन लावायला लावा. पेपरला आकडा द्यायचाच तर त्या फोनांचा द्या.

आता ब्रेन डेड. हा भाग नीट करा, बाकी सगळं थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल. आपल्याकडे मराठीत मेंदूमृत म्हणतात. सगळ्यांचा अडखळा एकाच ठिकाणी असतो: हात गरम आहे, छाती वर-खाली होतेय, लघवीची पिशवी भरतेय, मग मेला कसा? लोकांना तो प्रश्न पडू द्या, रेकॉर्डिंगमध्ये तोच आधी विचारा. मग सांगा. श्वास घ्यायचा हुकूम मेंदूच्या खोडातून, म्हणजे मेंदूच्या अगदी तळच्या भागातून येतो. डोक्याला जबर मार लागला किंवा मोठा रक्तस्राव झाला की कवटीच्या आत दाब वाढतो, खोडापर्यंत रक्त पोचणं थांबतं आणि ते कायमचं मरतं. छाती हलते ती व्हेंटिलेटर हवा ढकलतो म्हणून. हृदयाला मात्र ठोका द्यायला मेंदूची गरज नसते, त्याची स्वतःची व्यवस्था असते. ऑक्सिजन मिळतोय तोवर ते चालतं, म्हणून अंग गरम. पण हे सहसा काही तास, फार तर काही दिवस. मग तेही थांबतं. कोमातल्या माणसाचं खोड जिवंत असतं, तो बरा होऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत आल्याचं उदाहरण नाही, कारण परत यायला कुणी उरलेलंच नसतं. कायद्यानं तो मृत्यूच आहे, १९९४ पासून.

आयसीयूत आम्ही एक शिस्त पाळायचो. तुमचा माणूस गेला, हे डॉक्टरांनी सांगायचं. मग थांबायचं. रडणं, आरडाओरडा, फोनाफोनी, जे काय असेल ते होऊ द्यायचं. अवयवांचा विषय त्यानंतर, आणि तो समन्वयकानं काढायचा. दोन्ही गोष्टी एका दमात बोललं की घरच्यांना वाटतं, अवयव हवेत म्हणून मेला म्हणताहेत. तुमच्या देखाव्यातही हे दोन प्रवेश वेगळे ठेवा.

घरचे काय विचारतात तेही लिहून ठेवा, रेकॉर्डिंगला उपयोगी पडेल. बॉडी कधी मिळणार? चेहरा खराब होतो का? बिलाचं काय? कुणाला देणार? बहुधा याच क्रमानं. शरीर ऑपरेशनसारखंच नीट शिवून देतात, अंघोळ घालणं, दर्शन, सगळे विधी होतात. अपघाताची केस असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम आलंच. पूर्वी सूर्यास्तानंतर पोस्टमॉर्टेम होत नसे, त्यात रात्र जायची आणि लोक कंटाळून नको म्हणायचे. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं रात्री पोस्टमॉर्टेमला परवानगी दिली, अवयवदानाच्या केसना त्यात प्राधान्य. बिलाचं मात्र स्पष्ट बोला. होकारानंतर अवयव टिकवायला जो खर्च येतो तो दात्याच्या घरच्यांवर पडत नाही. आधीच्या उपचारांचं बिल आहे ते आहे. ‘अवयव द्या, बिल माफ’ असं कुणी म्हणत असेल तर तो गुन्हा आहे, दान नव्हे.

तुमच्या ताशावाल्या पोराच्या आईचं वाचलं आणि म्हटलं, हे चित्र घरोघरचं. २०२३ साली देशात १८,००० च्या वर प्रत्यारोपणं झाली, आणि मृत्यूनंतर दान करणारे दाते होते जेमतेम ११००. बाकीचा भार जिवंत माणसांवर, म्हणजे प्रामुख्यानं आई, बायको, बहीण यांच्यावर. घेणाऱ्यांत पुरुष जास्त, देणाऱ्यांत बायका. हे वाक्य फ्लेक्सवर टाकलंत तर मीच कराडला बघायला येईन.

आणखी एक. मृत्यूनंतर किडनी, यकृत, हृदय द्यायचं तर ते सहसा मेंदूमृत अवस्थेत, आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतानाच देता येतं. घरी अंथरुणात गेलेल्या आजोबांचं हृदय देता येत नाही. पण त्यांचे डोळे देता येतात, आणि तुमच्या गावात माणसं बहुतेक घरीच जातात. म्हणून नेत्रदानाला जागा द्या. सहा तासांच्या आत. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस, पंखा बंद, डोकं उशीवर जरा उंच. चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, मधुमेह असो, चालतं. डोळ्याला खोबण पडत नाही. फ्लेक्सवर जवळच्या नेत्रपेढीचा नंबर टाकाल, पण छापायच्या आधी रात्री दोन वाजता त्यावर फोन लावून बघा. उचलला तरच छापा.

स्पष्टवक्ता_काका

लेक्चर छान. पण २०१६ मध्ये मुंबईत किडनीचं रॅकेट सापडलं ते विसरलात वाटतं. खोटी बायको, खोटी कागदपत्रं. आणि यादीबिदी सगळं गरिबांना दाखवायला. अवयव शेवटी जातात कुणाला? ज्याच्याकडे पैसा त्याला. पारावरचे गृहस्थ काही चूक बोलत नाहीत.

रात्रपाळी_भूलतज्ज्ञ

काका, पारावरच्या गृहस्थांपुरतं मी बोलतो. मेंदूमृत ठरवणाऱ्या चार डॉक्टरांच्या पॅनेलवर मी असतो. हॉस्पिटलचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर, न्यूरोवाले (ते नसतील तिथे माझ्यासारखा भूलतज्ज्ञ किंवा फिजिशियन) आणि शासनानं मंजूर केलेल्या यादीतला आणखी एक. प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला एकही चालत नाही. आणि पेशंटच्या पाकिटात कार्ड आहे की नाही हे मला त्या वेळी माहीतही नसतं. अपघातात आलेल्या माणसाचं पाकीट बहुतेक वेळा पोलिसांकडे किंवा मेहुण्याच्या खिशात असतं.

तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास. बाहुलीवर उजेड, बुबुळाला कापसाचं टोक, कानात बर्फाचं पाणी, घशात नळी घालून खोकला येतो का ते बघणं. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. व्हेंटिलेटर काढून नळीतून नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि पोट-छाती उघडी ठेवून टक लावून बघायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढत जातो. खोडात धुगधुगी जरी असली तरी तेवढ्यावर माणूस श्वास ओढतोच. आठ-दहा मिनिटं आम्ही सगळे त्या छातीकडे बघत उभे असतो, आणि एक गोष्ट खात्रीनं सांगतो, तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटत असतं की हलावी. हलली तर चाचणी तिथेच थांबते आणि पेशंट पेशंट म्हणून उपचार घेत राहतो.

आयसीयूत माझा जास्त वेळ रक्तदाब टिकवण्यात जातो. दान करायचं असेल तर उलट मशीन जास्त वेळ चालू ठेवावं लागतं, लवकर काढून उपयोग काय?

निवृत्त_समन्वयक

काका, २०१६ चं मी विसरले नाही, त्या दिवसांत आमच्याकडे तोंड दाखवायची सोय नव्हती. पण ते जिवंत दात्याचं प्रकरण होतं. गरिबाला पैसे देऊन नातेवाईक म्हणून उभं करायचं, हा धंदा चालतो तो मुळात मृत्यूनंतरची किडनी मिळत नाही म्हणून. मेंदूमृत दात्याचे अवयव कुणाला जायचे हे ते हॉस्पिटल आपल्या मनानं ठरवत नाही. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी चार विभागीय केंद्रं आहेत, लोक त्यांना झेडटीसीसी म्हणतात. कराड पुण्याच्या केंद्राकडे. रक्तगट, यादीतला काळ, किती तातडी आहे, यावर क्रम लागतो. हृदय बाहेर काढल्यापासून चारेक तासांत बसवावं लागतं, यकृताला थोडा जास्त वेळ मिळतो, किडनीला दिवसभर. म्हणून अंतरही बघावं लागतं आणि म्हणूनच तो ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे अवयव नेणाऱ्या गाडीसाठी मोकळा ठेवलेला रस्ता.

तुमचा पैशांचा मुद्दा मात्र मी अर्धा मान्य करते. क्रमात पैसा शिरत नाही, पण यादीत नाव लावायच्या आधीच तो शिरतो. तपासण्या, पुण्याच्या खेपा, ऑपरेशन, आणि नंतरची औषधं जन्मभर. महात्मा फुले योजनेत किडनीचं प्रत्यारोपण बसतं, हे ज्यांना माहीत नाही ते नावच लावत नाहीत. हृदयाचं तर विचारूच नका. यावर भांडायला हवं, आणि मंडळं त्यावर भांडू शकतात. त्यासाठी पारावर अफवा पसरवायची गरज नाही.

वाईकरीण

मी इथं सहसा लिहीत नाही. माझे मिस्टर हायवेच्या अपघातात गेले, आम्ही त्यांच्या दोन्ही किडन्या, यकृत आणि डोळे दिले. सही मी केली.

एवढंच सांगायचंय की डॉक्टरांनी समजावलं ते मला पटलं, सासूबाईंना नाही. त्यांचा प्रश्न एकच होता, पुढच्या जन्मी माझा बाळू आंधळा जन्मला तर? तिथं बसलेली मोठमोठी शिकलेली माणसं हसली. मला राग आला. मग माझ्या नणंदेनं त्यांना विचारलं, “आई, आपण तसंही जाळणारच ना डोळे? मग जाळलेल्याचं काय होतं पुढच्या जन्मी?” सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दे.” तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये अंधश्रद्धा वगैरे शब्द वापरू नका. त्या प्रश्नाला प्रश्न म्हणूनच उत्तर द्या.

दुसरी विनंती. शेवटच्या दिवशी तुम्ही दात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार ठेवणार असाल. शाल, श्रीफळ, माइकवर ‘वीरपत्नी’ वगैरे. मला दोनदा असं स्टेजवर बसवलं आणि लोक मोबाइल वर करून फोटो काढत होते. एका सत्कारात तर निवेदक मला विचारत होता, आता त्यांचं हृदय कुणाच्या छातीत धडधडतंय असं वाटतं? हृदय दिलंच नव्हतं. आणि अवयव कुणाला गेले ते आम्हाला सांगत नाहीत, तसा नियम आहे, तो बरोबरच आहे. बोलवायचं तर आधी एकटं भेटून विचारा. नको म्हटलं तर परत विचारू नका. आरतीला ये म्हणालात तर मी येईनसुद्धा.

हापूसपंथी

वाईकरीण ताई, नमस्कार. बाप्पाचा विनोद मागे घेतो.

कृष्णाकाठ

ताई, डॉक्टर, वाईच्या ताई, सगळ्यांचे आभार. रात्री मंडळात सगळं वाचून दाखवलं. बाकड्यावर सगळ्यांचं एकमत झालं. अडचण एकच, दधीची तयार झालेत. मूर्तिकार म्हणतो जटा काढून दाढी कमी केली तर त्याच मूर्तीचे आजोबा करता येतील, बाकड्यावर बसवू. इंद्राचा मुकुट काढला की तो मोठा भाऊ. अ‍ॅडव्हान्स वाचला.

जुन्या मंडळींचंही जमलं. आयसीयू मांडवाच्या डाव्या अंगाला वेगळ्या पडद्यात, बाप्पासमोर नाही. आमच्या आत्याबाईंनीच तोडगा काढला. म्हणाल्या, हॉस्पिटलातपण गणपतीचा फोटो असतोच की रे दारात.

फॉर्मचा स्टॉल रद्द, त्याजागी टेबल, दोन पोरं आणि पाटी: ‘घरात कुणाला सांगितलंत?’ बायकांचं वाक्य फ्लेक्सवर घेतलंय, खजिनदार जरा कुरकुरला, पण त्याच्या आईनंच त्याच्या भावाला किडनी दिलीय हे आम्हाला त्या वेळी कळलं! इतकी वर्षं बोलला नव्हता. नेत्रपेढीच्या दोन नंबरांवर रात्री फोन लावला. एक उचलला, एक नाही. उचलला तोच छापतोय.

शेवटचं विचारतो. कॉटवर पेशंट, बाजूला एलईडीचा मॉनिटर करतोय. डॉक्टर येऊन ‘गेले’ म्हणतात तेव्हा टीं… असा आवाज करून रेषा सरळ करायची असं ठरलंय. इफेक्ट भारी येतो, ट्रायल घेतली.

निवृत्त_समन्वयक

कृष्णाकाठ, रेषा सरळ अजिबात करू नका! सगळ्यांनी सिनेमात तेच बघितलंय, आणि म्हणूनच आयसीयूत खरी चालू रेषा बघितल्यावर त्यांना वाटतं माणूस जिवंत आहे. मेंदूमृत माणसाच्या मॉनिटरवर ठोके चालूच असतात. डॉक्टर ‘गेले’ म्हणतील तेव्हा आणि त्यानंतरही रेषा तशीच वर-खाली चालू ठेवा, छातीही हलती ठेवा, तुमची मोटर आहेच. बघणारा हमखास विचारेल, मशीन चालू आहे मग गेला कसा? तिथे रेकॉर्डिंग सुरू करा. आणि टेबलावर जो पोरगा बसवाल त्याला हे उत्तर न वाचता सांगता आलं पाहिजे, बसवायच्या आधी त्याची परीक्षा घ्या.